मावशीची फटफटी

सुरतेला जाणार म्हटल्यावर आमच्या नाशकातल्या ऑफिसात आधी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. प्लेगची साथ येऊन गेल्याला तोवर दोन-तीन वर्षं झाली होती, शहर धुऊनपुसून लख्ख झाल्याचं पेपरात छापूनही आलं होतं, पण आमच्या बायकांच्या लेखी सुरत अजून अंथरुणातच होती. "साड्या काय इथे मिळत नाहीत?" असं विचारून झालं, आणि मग त्याच बायकांनी नाकावरचा रुमाल न काढता आपापल्या साड्यांचे रंग मला सांगून ठेवले.

मला भाचीच्या लग्नातल्या आहेराच्या साड्या घ्यायच्या होत्या. शिवाय तिथल्या पांडेसऱ्यात माझी मावसबहीण कमलताई राहते. माझी आई आणि तिची आई दोघी खानदेशातल्या. आई लग्न होऊन नाशकात आली आणि आम्ही अहिराणी समजणारे पण बोलता न येणारे असे अर्धवट निपजलो. कमलताईचं लग्न शिरपूरकडच्या भटूदाजींशी झालं, आणि गावातल्या निम्म्या तरुणांसारखे दाजी कापडाच्या कारखान्यात नोकरीला म्हणून सुरतेला आले ते तिथलेच झाले. "अखाजीला ये, तिथे एकटी बसून काय करशील," असा ताईचा निरोप होता.

अखाजी म्हणजे अक्षयतृतीया. आमच्या घरी त्या दिवशी आमरस होतो आणि दुपारी सगळे आडवे होतात. खानदेशी माणसाला अखाजी दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, भांडतात. झोपायला कोणाला सवड नसते. गाव सुटलं तरी हा सण सुटत नाही हे मला सुरतेत कळलं, आणि ज्या रीतीने कळलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. सापुताऱ्याचा घाट आणि एस.टी.तल्या बाकीच्या प्रवाशांना झालेला त्रास मी वगळते.

पांडेसरा

स्टँडवर रिक्षा केली. रस्ते खरंच स्वच्छ होते, इतके की मला आमच्या नाशकाची थोडी लाज वाटली. रिक्षावाल्याशी मी माझ्या हिंदीत बोलले. "भैया, उधर वो नाला ओलांडके डावे हात को लेना." तो सगळ्याला "हां जी, हां जी" करत होता. उतरताना म्हणाला, "ताई, पिशवी राहिली बघा मागं."

"अहो, मराठी येतं तर आधी नाही का बोलायचं?"

"तुमची हिंदी ऐकत होतो. मज्या येत होती."

तो नंदुरबारचा निघाला. पांडेसऱ्यात जो तो असाच कुठून तरी धुळे-नंदुरबार-अमळनेरचा निघतो. दोन दिवसांत मला अस्सल सुरती माणूस भेटला तो एक खमणवाला, आणि तोही गिऱ्हाइकाला "काय देऊ मावशी?" असं विचारत होता.

हा सगळा भाग साड्या रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या कारखान्यांचा. धुराड्यांखालून एक नाला वाहतो, आणि कारखान्यात आज कोणता रंग चालू आहे ते नाल्याकडे बघून कळतं. मी गेले तेव्हा तो शेवाळी होता, संध्याकाळी जांभळा झाला. वास मात्र दोन्ही वेळेला तोच. माणसांचे हातही तसेच. कोणाची नखं निळी, कोणाची कोपरं पिवळी. आमच्याकडे एखाद्याच्या हाताला असा रंग दिसला तर धुळवड झाली का विचारतील. इथे कोणी बघतसुद्धा नाही.

कमलताईची स्वतःची एक खोली आहे. पुढे ओटा, मागे मोरी, वर माळा. ही खोली घेण्यात दाजींची उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत, आणि ताई ती खोली पाहुण्याला राजवाडा दाखवावा तशी दाखवते. त्यांची मुलगी मंगल बारावी झालेली. घरात बसून साड्यांवर चमचमत्या टिकल्या चिकटवायचं काम करते. त्यामुळे खोलीतली प्रत्येक वस्तू चमकते. पहिल्या जेवणात मला वरणात टिकली सापडली. मंगल म्हणाली, "चालतं मावशी, पचते."

भटूदाजी घडी खात्यात आहेत. छापून, धुऊन, सुकून आलेली साडी तपासायची, डाग किंवा फाटकं असेल तर बाजूला काढायची, बाकीच्या घड्या घालायच्या. त्यामुळे त्यांना कोणतीही वस्तू चष्म्याजवळ आणून बघायची खोड आहे. मी नेलेली बालुशाहीसुद्धा त्यांनी उलटसुलट करून आधी तपासली. चष्म्याला दोरी बांधलेली. रस्त्याने चालताना मात्र चष्मा कपाळावर चढवतात. मला वाटलं, धुळीपासून काच जपत असतील.

माणूस अगदी गरीब स्वभावाचा. बोलायचं तेवढंच बोलेल. रात्री जेवणं झाल्यावर हाच माणूस कमरेवर पाण्याचा हंडा घेऊन, मान वेळावत, ओट्यापासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालू लागला तेव्हा माझ्या हातातली सुपारी खाली पडली.

"घाबरू नको," ताई म्हणाली. "उद्या सोंगं आहेत. ते मावशी होतात."

अखाजीची आदली रात्र

सोंगं म्हणजे काय ते सांगते. तमाशातली गवळण आणि मावशी, गावाकडच्या जत्रेतली सोंगं आणि कारखान्यातली टवाळी असं सगळं एकत्र कालवलं की जे होतं ते. अखाजीला रजा न मिळाल्याने गावी जाता न येणारी मंडळी इथेच मैदानावर हा कार्यक्रम करतात. बायकांची कामं पुरुषच करतात. आणि मावशी म्हणून दाजींची साऱ्या पांडेसऱ्यात ख्याती. पलीकडच्या भेस्तानपासून माणसं खास त्यांना बघायला येतात.

मी हसून हसून दमले. पण ताई हसत नव्हती. मंगल तर टिकल्यांची ताटली घेऊन पाठ फिरवून बसलेली.

कारण मंगलचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा संजय, शिरपूरकडचाच, हजीऱ्याला एका कारखान्यात लागलेला. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी. हिंमतआबा गावचे पोलीस पाटील. त्यांनी मुलासाठी फटफटी मागितली होती. नवी कोरी. अखाजीला ते भेस्तानला नातेवाइकांकडे येणार होते आणि संध्याकाळी इथे जेवून शेवटचं होय-नाही करणार होते.

"आणि फटफटी आणायची कुठून?" मी विचारलं.

ताईने नुसती भिंतीकडे मान वळवली. म्हणजे खोली विकून.

"खोली विकली तर मी लग्नच करणार नाही," मंगल पाठ न वळवता म्हणाली. "आईबाप भाड्याच्या घरात नि मी फटफटीवर? मारे नथी जवुं." रागावली की तिला गुजराती येतं.

म्हणजे फटफटी दिली तर मुलगी लग्नाला नाही म्हणणार, आणि नाही दिली तर मुलाचा बाप. मला फार वाईट वाटलं. माझं स्वतःचं एक जमलेलं स्थळ पूर्वी एका स्कूटरपायी मोडलं होतं. त्यानंतर दुसरं आलं नाही असं नाही, पण मन उतरलं ते उतरलंच. तेव्हापासून स्कूटरच्या दुकानासमोरून जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जाते.

"मग उद्या दाजी साडी नेसून नाचणार आणि व्याही जेवायला येणार?" मी म्हटलं. "त्यांनी बघितलं तर?"

"त्यांना सांगितलंय की हे ड्युटीवर आहेत," ताई म्हणाली. "सोंगं दिवस मावळायच्या आत संपतात. रात्रपाळीवाल्यांना जायचं असतं ना. मग हे तोंड धुऊन घरी येतील."

दाजी हंडा खाली ठेवून म्हणाले, "चिंता फक्त एक. चष्मा काढला की मी आंधळा. पायाखाली तेवढं नीट पाहिजे."

"चष्माबिगर त्यास्ले हत्ती बी दिखत नही," ताईने दुजोरा दिला.

मैदान

अखाजीच्या दुपारी खापरावरच्या चादरीएवढ्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला. दाजी लवकर उठून गेले. आणि चार वाजायच्या सुमाराला, ठरल्याच्या कितीतरी आधी, हिंमतआबा ओट्यावर येऊन उभे राहिले.

उंच माणूस. पांढऱ्या मिशा, पांढरी टोपी, आणि कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र टेरिकॉटचा शर्ट. त्या रंगीबेरंगी पांडेसऱ्यात इतकं पांढरं काहीच नव्हतं. मी ताईकडे बघितलं. मला वाटलं ती गडबडेल. ती म्हणाली, "या आबा. हे ड्युटीवर आहेत, यायला वेळ लागेल. घरात उकडतंय. तोवर आमच्या लोकांचा कार्यक्रम बघून या ना. ही माझी बहीण, नाशिकची. ही नेईल तुम्हाला. पाहुण्यांसाठी पुढे खुर्च्या ठेवल्यात."

मी तिला आत ओढत नेलं. "ताई, वेड लागलंय का तुला? तिथे दाजी आहेत!"

"घरात बसले तर फटफटीचं काढतील. हे नसताना मी काय उत्तर देऊ? आणि तोंडाला सफेदा लावल्यावर ह्यांना मीसुद्धा ओळखत नाही. पुढच्याच खुर्चीवर बसव हां, त्यांना मान लागतो."

गेले बिचारी. मान लागणाऱ्या माणसाला घेऊन.

मैदान कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. लाकडी खोक्यांचा रंगमंच, मागे बिनछापलेल्या साड्यांचा पांढरा पडदा, कर्णा. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. आमच्याकडे तमाशाचा तंबू दिसला की बायका मान खाली घालून वेगाने निघून जातात. इथे बायका पोळपाट-लाटणं टाकून आल्या होत्या आणि पुरुषांपेक्षा मोठ्याने शिट्ट्या वाजवत होत्या. ऊन लख्ख होतं. गणपतीला एका ओळीत आटोपलं, कारण रात्रपाळीच्या लोकांना मावशी बघून मग भोंग्याला पोचायचं होतं. गणपतीला काय, रात्रपाळी नसते.

आधी एक दारुड्याचं सोंग आलं. गुजरातेत दारूबंदी, आणि कडेला दोन पोलीस उभे. दारुडा इतका झकास झिंगला की एक पोलीस खोक्यांवर चढला. "शुं पीधुं छे?"

"पाणी, साहेब."

"मोढुं खोल."

त्याने तोंड उघडलं. पोलिसाने वास घेतला, समाधान न होऊन पुन्हा घेतला, मग दुसऱ्या पोलिसाला बोलावून त्याला घ्यायला लावला. लोकांनी दोन्ही पोलिसांसाठी टाळ्या वाजवल्या. हिंमतआबा हसले नाहीत. "खात्याची माणसं आहेत," ते मला म्हणाले.

मग सोंगाड्या आला. उखा नावाचा बुटका माणूस, हातात माइक. ह्याच माइकवर तो बक्षिसंही पुकारत होता. आमच्याकडे तमाशात नोटा लावतात. इथे बक्षीस म्हणून कापड देतात. कारखान्यात तुकडे पडतात, छपाई बिघडलेल्या साड्या निघतात, त्या लोक जपून ठेवतात आणि अखाजीला आवडत्या सोंगाच्या अंगावर टाकतात. उखा ओरडतो, "रंगाई खात्यातले अमके, गाव तमकं, यांच्याकडून अर्धी साडी!" आणि नाव पुकारलेला माणूस चारी दिशांना नमस्कार करतो.

पडद्याला धक्का बसला आणि मावशी आली.

मी दाजींना ओळखलं ते हंड्यामुळे. एरवी ओळखण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. तोंडाला सफेदा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चोळीत कापसाचे बोळे, आणि अंगावर भडक राणी रंगाची, मोठमोठ्या गुलाबांची नवी साडी. डोळ्यांवर चष्मा नाही. चाल अशी की माझी आत्याबाईसुद्धा इतक्या ठसक्यात चालली नसेल. मैदानाने एकच गलका केला. पाठोपाठ दुसरी एक आरोळी उठली, तिचा अर्थ मला लागेना.

"कच्ची से! कच्ची से!"

नंतर कळलं. साडी छापल्यावर तिला वाफ देतात, मग धुतात, तेव्हा रंग पक्का होतो. मावशीची साडी छपाईच्या टेबलावरून तशीच उचलून आणली होती. रंग पार कच्चा. हे त्या मैदानावरच्या प्रत्येकाला लांबून बघूनच कळलं, पोरासोरांनासुद्धा. त्यामुळे मावशी घामाने निथळत खोक्यांवरून खाली उतरली आणि प्रेक्षकांत शिरली तेव्हा जिकडे ती वळे तिकडची माणसं अंग चोरून मागे सरत. ती उजवीकडे गेली, उजवीकडचे उठून पळाले. डावीकडे गेली, डावीकडचे पळाले. ज्यांना पळायचं कारण ठाऊक नव्हतं अशी आम्ही दोनच माणसं तिथे होतो, आणि दोघंही पुढच्या खुर्च्यांवर ताठ बसलो होतो.

मावशी आमच्याकडे वळली.

मी खोकले. मी भुवया उडवल्या. शेवटी न राहवून उठले आणि रुमाल हलवून "नको, नको" अशी खूण केली. उखाने रुमाल पाहिला मात्र, "नाशिकच्या ताईंकडून रुमाल!" म्हणून पुकारलं. टाळ्या पडल्या. माझ्या हातातून रुमाल गेला. मला चारी दिशांना नमस्कार करावा लागला.

मावशी आबांसमोर येऊन थबकली, डोळे किलकिले केले, आणि कपाळावर हात मारला.

"माय वं! सापडना! सापडना मना धनी!" आणि तिने आबांच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. "इतला दिन कथा व्हतात हो? मी तठे चूल फुकी राहिनू, नि तुम्ही आठे खुर्चीवर बशी राहिनात?"

मैदान लोळायला लागलं. आबा लाकडासारखे ताठ. पांढऱ्या खांद्यावर राणी रंगाचे दोन हात उमटले होते, ते त्यांना दिसत नव्हते, आम्हा सगळ्यांना दिसत होते.

"मावशी, सोड त्यास्ले," उखा म्हणाला. "हाऊ तुना नवरा नही. हाऊ याही से. तुनी पोर देखाले येल से."

"याही?" मावशी लाजली, पदर डोक्यावर घेतला, आणि मग तिने अवघ्या खानदेशासमोर देण्याघेण्याची बोलणी काढली. "बोला याहीबुवा. काय पाहिजे? गाना आयकाले रेडू पाहिजे?"

"नही!" लोक ओरडले.

"घड्याय पाहिजे?"

"नही!"

"मंग काय, फटफटी पाहिजे?"

"हा!" एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या मैदानात बहुतेक घरांत मुली असाव्यात. दाजींना दिसत नाहीये, ते जे बोलत आहेत ते कोणापुढे बोलत आहेत ते त्यांना कळत नाहीये, आणि आता हे लग्न इथेच, ह्या खुर्चीपाशी मोडणार, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

मावशी म्हणाली, "फटफटी मनापान नही. पन पोरना बाप काय नही करत? मीच व्हस फटफटी!"

आणि ती झाली. कमरेत वाकली, दोन्ही हात पुढे काढून त्यांच्या मुठी हँडलसारख्या वळवल्या, आणि तोंडाने फट फट करू लागली. उखाने तिच्या बुडाशी लाथ झाडून किक मारली. पहिल्यांदा सुरू झाली नाही. दुसऱ्यांदा खोकून बंद पडली. उखाने कान पिळून पेट्रोल तपासलं. तिसऱ्या किकला मावशी थरथरत चालू झाली, आबांच्या खुर्चीभोवती एक फेरी मारून आली, ब्रेकचा करकराट केला आणि पाठ वाकवून त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. माणूस थट्टा करत होता, पण वाकलेली पाठ बापाची होती, आणि ती बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसण्याचंही असेल.

"बठा आबा, बठा!" सारं मैदान ओरडत होतं. बायका शिट्ट्या वाजवत होत्या. ते दोन पोलीससुद्धा टाळ्या वाजवत होते. उखाने माइक आबांच्या मिशांना लावला.

हिंमतआबांनी आजूबाजूला बघितलं. त्यांच्या तालुक्यातली अर्धी माणसं तिथे असतील. ते उठले. मला वाटलं, बसतायत. मला वाटलं, मारतायत. त्यांनी हात वर केला आणि पंचायतीसमोर बोलावं तसे खणखणीत बोलले, "माले फटफटी नको! काहीच नको! नारय नि पोर द्या, बस!"

मग उखा पिसाळला. "हिंमतआबा पाटील! पोलीस पाटील! फटफटी नाकारी! नारय नि पोर!" गाव, तालुका, जिल्हा, सगळं पुकारून झालं. लोकांनी आबांच्या अंगावर साड्यांचे तुकडे टाकले, इतके की टोपी तेवढी वर राहिली. मावशीने आनंदाने त्यांना पुन्हा एकदा करकचून मिठी मारली. आणि आबा, खरं सांगते, चारी दिशांना नमस्कार करत होते. त्यांच्या मिशा हलत होत्या. इतक्या माणसांनी एकदम वाहवा करण्याची वेळ त्यांच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली असावी.

भोंगा झाला. रात्रपाळीचे लोक डबे घेऊन निघाले, आणि जाता जाता प्रत्येक जण रांगेने येऊन आबांचा हात हातात घेऊन गेला.

ताईच्या खोलीत

घरी येईपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. ओट्याओट्यावरून लोक उठून "रामराम, नारळवाले आबा" म्हणत होते. आबा मान डोलवत होते. आता उजव्या खांद्यावर, छातीवर आणि पाठीवर मिळून साडीचे तीन गुलाब पानांसकट उमटलेले.

"अगबाई, शर्टाचं काय झालं!" ताई म्हणाली. "काढा आबा, लगेच साफ करून देते." आबा बनियनवर पाटावर बसले. ताई शर्ट घेऊन आत गेली.

तेवढ्यात दाजी आले. डोळ्यांवर चष्मा, अंगात घडी खात्याचा खाकी शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. "माफ करा आबा, ड्युटी लांबली." गळ्याच्या वर कानापर्यंत राणी रंग होता. मनगटांवर तोच.

आबांनी त्या कानाकडे बघितलं. मग स्वतःच्या रंगलेल्या तळहाताकडे. मग पुन्हा कानाकडे. मंगल ताट घेऊन उंबऱ्यात थिजली. मी देवाचं नाव घ्यायला लागले. दारात शेजारपाजारची माणसं दाटून उभी होती, सगळी आनंदात.

"आज खात्यात राणी रंग चालू होता का?" आबांनी विचारलं.

"हो," दाजी म्हणाले. "फार उडाला."

"तेच म्हणतो मी." आबांनी पुरणपोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, आणि बराच वेळ चावत बसले. "आमच्याकडे पण उडाला."

ताई आतून म्हणाली, "आबा, त्या फटफटीचं बोलायचं होतं ना?"

"कोणती फटफटी?" आबा दारातल्या गर्दीकडे बघत म्हणाले. "पोलीस पाटलाचा शब्द आहे." आणि त्यांनी मंगलकडे आणखी रस मागितला. मंगलने वाढला. इतक्या घाईने की अर्धा रस पाटावर गेला. वाटीतल्या रसात एक टिकलीही होती. आबांनी ती बोटाने काढून बघितली आणि खाऊन टाकली.

जेवणं झाल्यावर ताईने शर्ट आणून दिला. धुतलेला नव्हता, नुसती कडकडीत इस्त्री केलेला. तिन्ही गुलाब आधीपेक्षा उठून दिसत होते. "डाग काही निघेना," ती हळहळत म्हणाली. "म्हटलं निदान इस्त्री तरी करून द्यावी." आबा तोच शर्ट घालून भेस्तानला गेले. वाटेत लोक कुठे कुठे "नारळवाले आबा" म्हणून उठले असतील देव जाणे.

स्टँड

दुसऱ्या दिवशी साड्यांची खरेदी झाली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुकानदार एकामागून एक साड्या उलगडत होता, आणि मी प्रत्येक साडीला "पक्की आहे ना?" एवढंच विचारत होते. दाजी बरोबर होते. प्रत्येक साडी चष्म्याला टेकवून तपासत होते.

तिसऱ्या दिवशी ते मला सोडायला स्टँडवर आले. फार गर्दी होती. गुजरातच्या गाड्यांच्या पाट्या मला वाचता येत नाहीत आणि आमची लाल गाडी कुठे दिसेना. दाजींनी चष्मा कपाळावर सारला, स्टँडच्या पार पलीकडच्या टोकाला, चार-पाच गाड्यांच्या मागे बघितलं, आणि म्हणाले, "ती बघा. नाशिक. सापुतारा मार्गे. पाटीवर नाशिकमधला 'क' थोडा पुसलाय."

मी बघितलं. मला गाडीच दिसत नव्हती.

आम्ही बरंच चालत गेलो तेव्हा गाडीपाशी पोचलो. 'क' पुसला होता.

"दाजी," मी म्हटलं, "तुमचा चष्मा..."

"हा ना? जवळचा आहे," ते म्हणाले. "घड्या तपासायला. लांबचं दिसतं अजून बरं."

मी पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिले. म्हणजे मैदानात पाटलांना त्यांनी लांबूनच ओळखलं होतं. मग मला ताई आठवली, 'पुढच्याच खुर्चीवर बसव हां' म्हणणारी. रंग-छपाईच्या गावात इतकी वर्षं काढलेली बाई, टेरिकॉटवरच्या कच्च्या रंगावर कडक इस्त्री फिरवली की तो जन्मभराचा पक्का होतो हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं मानू? आणि त्या खुर्चीपर्यंत पाटलांना हाताला धरून कोणी नेलं? मी. सोंगांत माझंही काम होतं आणि ते मला एकटीलाच माहीत नव्हतं.

दाजींनी माझी पिशवी वर दिली. कानामागे अजून थोडा राणी रंग होता. "लग्नाला या हां ताई," ते म्हणाले, नेहमीसारखे, बोलायचं तेवढंच.

गाडी हलली. खिडकीत बसून मी आधी खूप हसले, शेजारची बाई सरकून बसली इतकी. मग सापुताऱ्याचा घाट लागेपर्यंत मला ती स्कूटर आठवत होती, आणि त्या दिवशी पाहुणे उठून गेल्यावर उंबऱ्यात मान खाली घालून उभे असलेले माझे वडील. लांबचं त्यांनाही चांगलं दिसायचं. त्यांना फक्त साडी नेसता येत नव्हती.